आठवड्याचे 90 तास आणि जळगावची एमआयडीसी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या तरुण उद्योजकांच्या मुलाखती मी आवर्जून वाचते. खानदेशातल्या मुलांनी पुण्याची वाट धरण्याऐवजी इथेच काहीतरी उभं करावं, असं मलाही मनापासून वाटतं. पण या मुलाखतींत एक वाक्य ठरलेलं असतं: दिवसाचे सोळा सोळा तास राबलो, म्हणून इथवर आलो. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती 2023 च्या ऑक्टोबरात म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा 90 वर नेला. मी जळगावच्या एमआयडीसीत ठिबक सिंचनाच्या नळ्यांना लागणारे जॉइनर, टेकऑफ, एंड कॅप असं किरकोळ वाटणारं प्लॅस्टिकचं फिटिंग बनवणारा छोटा कारखाना चालवते. जास्त तास म्हणजे जास्त उत्पादन हा हिशेब माझ्या मशीनवर कधीच जुळलेला नाही.

आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे घाईचे दिवस. बागायती कापसाची लागवड तोंडावर असते, केळीच्या मृगबागेची तयारी सुरू असते, डीलरचे फोन थांबत नाहीत. अशा वेळी बारा तासांची पाळी लावायचा मोह प्रत्येक मालकाला होतो. बारा तासांच्या पाळीतला शेवटच्या दोन-तीन तासांचा माल सकाळच्या मालाशेजारी ठेवून बघावा. जॉइनरच्या कडेला फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक, असतं, एखाद्याचा काठ अर्धवट भरलेला असतो. मशीन तेच, प्लॅस्टिकचा दाणा तोच. पण सकाळी ऑपरेटर दोन पीस हातात घेताच सेटिंग हलवतो आणि रात्री तेच त्याला पोतं भरल्यावर दिसतं. तो माल ग्राइंडरमध्ये जातो. त्याचा पुन्हा दाणा होतो खरा, पण वीज, मजुरी आणि मशीनचा वेळ गेला तो गेलाच. एरंडोलकडून येणारा आमचा एक जुना ऑपरेटर मला म्हणाला होता, "ताई, हात चालतस, पन डोकं चालत नही." मला आजवर कुठल्या व्याख्यानात याहून नेमकं काही ऐकायला मिळालेलं नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, त्यावर काम घेतलं तर दुप्पट दराने पैसे द्यायला सांगितलं. ही मर्यादा उद्योगाच्या पायातली बेडी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी रात्रपाळीचं रिजेक्शन मोजावं.

मग उत्पादन वाढतं कशाने? आमच्याकडे दिवसातून दोनदा-तीनदा डाय, म्हणजे मालाला आकार देणारा साचा, बदलावी लागते. दोन-तीन क्विंटलचं ते धूड चेनपुलीने उचलायचं, क्लॅम्प सोडायचे, पाण्याच्या नळ्या काढायच्या, नवी डाय बसवून तापमान धरायचं. या कामाला लागणाऱ्या वेळातला मोठा भाग शोधाशोधीचा असतो. सतराचा पाना दुसऱ्या मशीनवर, एक बोल्ट आखूड, चेनपुली पॅकिंगच्या कोपऱ्यात आणि तोवर मशीन बंद. जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्याने टोयोटाच्या एका 1000 टनी प्रेसवर हेच बघितलं. तिथे डाय बदलायला चार तास लागत. त्याने ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. तत्त्व साधं आहे: जे काम मशीन चालू असताना करता येतं, ते मशीन बंद करून करायचं नाही. आम्ही सगळे क्लॅम्प एका मापाच्या बोल्टवर आणले, प्रत्येक डायची हत्यारं एका गाड्यावर लावली, नळ्यांना झटकन निघणारे कपलर बसवले. पुढची डाय आता आधीचा लॉट संपण्यापूर्वीच मशीनशेजारी येऊन उभी असते. अर्धी पाळी खाणारं काम तासाच्या आत होतं. कोणाला जास्त वेळ थांबवावं लागलं नाही. पॅकिंगच्या बायका उजेड असताना घरी पोचतात.

विजेचंही सांगायला हवं. लाइट पाच मिनिटं गेली तर कारखान्याची पाच मिनिटं गेली, असं होत नाही. मशीनच्या बॅरलमधलं, म्हणजे तापत्या नळकांड्यातलं, वितळलेलं प्लॅस्टिक घट्ट होऊ लागतं. हीटर पुन्हा तापायचे, अडकलेला माल लोंद्यांनी बाहेर काढायचा, मग रंग आणि वजन जागेवर येईपर्यंत निघालेला माल बाजूला टाकायचा. पाच मिनिटांचा तास होतो. त्या तासात माणूस रिकामा उभा असला तरी त्याचा काय दोष?

आणि सगळ्यात मोठा खोळंबा पैशाचा. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली, की मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरता येत नाही. ही तरतूद आली तेव्हा मला फार हायसं वाटलं होतं. त्यानंतर आमच्या एका मोठ्या ग्राहकाकडून निरोप आला: बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) छापू नका, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देऊ. आम्ही दाणा घेतो तो आगाऊ पैसे भरून आणि आमचं बिल चार-चार महिने टेबलावर पडून राहतं. हक्काच्या व्याजासाठी तक्रार करायची सोय आहे, पण मोजून चार ग्राहक असलेला कारखानदार त्यातल्या एकावर तक्रार कशी करणार? माझ्या दिवसाचा किती वेळ वसुलीच्या फोनवर जातो, हे कोणत्याही उत्पादकतेच्या चर्चेत येत नाही. स्टार्टअपवाली मुलंही उद्या कोणाचे तरी ग्राहक होणार आहेत. लाखांची फंडिंग मिळाल्याच्या बातमीसोबत त्यांनी छापखान्याचं, पॅकिंगवाल्याचं, टेम्पोवाल्याचं बिल कधी दिलं, हेही कळायला हवं.

अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. तूप आणि साबणापासून संगणकापर्यंत यायला त्या कंपनीला तीन दशकांहून जास्त काळ लागला. आपल्या अंगणातलं हे उदाहरण असताना आपली मुलं दोन वर्षांत कंपनी विकून मोकळं व्हायची स्वप्नं का बघतात, मला समजत नाही. शेतकऱ्याला माझा जॉइनर पुढच्या हंगामातही गळता कामा नये. मग कारखाना पुढच्या हंगामात असायला हवा, आणि तो चालवणारी माणसंही.

माझी एक विनंती आहे. यापुढे मुलाखत घेताना आपल्या वार्ताहरांनी उद्योजकाला तीन प्रश्न जरूर विचारावेत. पगार कोणत्या तारखेला होतो? पुरवठादाराचं बिल किती दिवसांत जातं? तुमच्याकडची माणसं संध्याकाळी किती वाजता घरी जातात? आमच्याकडे पगार सात तारखेच्या आत होतो, लहान पुरवठादाराचे पैसे पंधरा दिवसांत जातात आणि दिवसपाळी साडेपाचला सुटते. यातलं काहीही कारखान्यात येऊन कोणीही तपासावं.

आपली,
एक लघुउद्योजिका, एमआयडीसी, जळगाव