पऱ्हाटीत उतरलेल्या पदवीधर मुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेजातल्या मुलींच्या ‘सोरोरिटी’ संघटनांवर लेख आला. अमेरिकेच्या माजी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या गळ्यातले मोती, गुलाबी-हिरवे कपडे, ग्रीक अक्षरं, सगळं त्यात होतं. पण त्यांच्या संघटनेचं जे काम मला सर्वांत मोठं वाटतं, त्याबद्दल एक ओळही नव्हती. मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. हे काम कापसाच्या मुलखातलं आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

हॅरिस १९८६ मध्ये ज्या संघटनेच्या सदस्य झाल्या, ती अल्फा काप्पा अल्फा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी सुरू झाली. एथेल हेजमन या विद्यार्थिनीने पुढाकार घेतला होता. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पन्नास वर्षंही झाली नव्हती. गोऱ्या मुलींच्या अशा संघटना आधीपासून होत्या, पण तिथे काळ्या मुलींना दार बंद. यांनी स्वतःचं घर बांधलं. सदाहरित आयव्ही वेलीचं पान ही खूण घेतली. संस्कार आणि गुणवत्ता हे ब्रीद घेतलं. मोत्यांनाही अर्थ आहे, वीस मोती म्हणजे संस्थापक मानल्या गेलेल्या वीस जणी.

१९१३ मध्ये नाव, रंग, चिन्हं बदलायची की नाही यावरून मतभेद झाले आणि बावीस जणींनी डेल्टा सिग्मा थीटा ही वेगळी संघटना काढली. आपल्याकडे फूट पडली की दोन्ही गट कार्यालयाच्या किल्लीसाठी भांडत बसतात. या बावीस जणी बाहेर पडल्या आणि ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये बायांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. मला याचं फार कौतुक वाटतं.

आता मुख्य गोष्ट. अल्फा काप्पा अल्फाच्या तेव्हाच्या अध्यक्ष आयडा जॅक्सन यांनी १९३४ साली मिसिसिपी राज्यातल्या खेड्यांत शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. तिथे गेल्यावर दिसलं, की शिकणं पुढची गोष्ट, आधी माणसं आजारी आहेत. दुसऱ्या वर्षीपासून डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर, नर्स, शिक्षिका अशा सदस्य सुटीत तिथे जाऊ लागल्या. रेल्वेत काळ्यांना अपमानाची वागणूक मिळे, म्हणून शेकडो मैल आपापल्या मोटारींनी. मुलूख सगळा कापसाचा. बटईने शेती करणारी काळी कुटुंबं मालकाच्या कर्जात बुडालेली. दवाखाने मांडायचं ठरलं, पण मालक मजुरांना वावर सोडून जाऊ देईनात. तेव्हा यांनी मोटारीच दवाखाना केल्या आणि थेट मजुरांच्या वस्तीवर गेल्या. देवी आणि घटसर्पाच्या लसी हजारो मुलांना टोचल्या, दात तपासले, आयांना आहार समजावून सांगितला. १९४२ पर्यंत हे चाललं. मग युद्धामुळे पेट्रोल आणि टायर मिळेनासे झाले.

हे मी वाचलं तेव्हा मला आपली वेचणी आठवली. दिवाळीनंतर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बसून राहा, कोणी येत नाही. बाई वावरात असते, मजुरी किलोमागे, तासभर गेला की तेवढा कापूस गेला. मी लशीचा डबा खांद्याला लावून धुऱ्यावर जायची. तिथे बाळ झोळीत सापडायचं. लस कमी पडत नसते, ती नेणारं माणूस कमी पडतं. फेरेबीबाईंना हेच कळलं होतं.

या संघटनांत सगळं चांगलंच आहे असं नाही. नव्या मुलींना छळण्याचे प्रकार तिथेही घडले आहेत. आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तसलं काही आपल्याला नकोच. घेण्यासारखी गोष्ट एक आहे. ते सदस्यत्व पदवीनंतर संपत नाही. मिसिसिपीत गेलेल्यांत कितीतरी जणी कॉलेज सोडून नोकरीला लागलेल्या होत्या.

आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या मुली राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला खेड्यात येतात. छातीवर कोणार्कच्या रथचक्राचा बिल्ला असतो. सात दिवस नाली काढतात, पथनाट्य करतात, जीव तोडून काम करतात. मी त्यांच्यासोबत घरोघरी फिरले आहे. समारोप झाला की गाव त्यांच्यासाठी संपतं आणि पदवी झाली की बिल्लाही पेटीत जातो. वाईट वाटतं, कारण या मुली विहिरीवरच्या पंचवीस बायांना दहा मिनिटांत बोलतं करतात, जे आम्हाला वर्षानुवर्षं जमत नाही.

सिकलसेलचंच घ्या. आई-वडिलांकडून मुलाला येणारा हा रक्ताचा आजार अमेरिकेतल्या काळ्या समाजात आहे आणि आपल्या विदर्भातही आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष रक्तात बाळगत असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी रक्त तपासा, हे गावातल्या मुलीला माझ्यासारख्या म्हातारीने सांगितलं तर ती लाजते. तिच्याच गावची, कॉलेज करून आलेली ताई सांगेल तर ऐकेल. अशा माजी विद्यार्थिनींनी एकेक गाव धरावं आणि लग्न होऊन दुसरीकडे गेल्या तर तिथलं गाव धरावं. रंग, बिल्ला हवा तो ठरवा. त्यानेही माणूस बांधलं जातं, हे मी नाकारत नाही.

हिवाळ्यात पुन्हा शिबिरं लागतील. आपल्या तालुका वार्ताहरांनी प्रत्येक प्राचार्यांना एवढंच विचारावं, की गेल्या वर्षी शिबिर झालं त्या गावात नंतर कोण जाऊन आलं, आणि उत्तर छापावं. ज्या मुली गाव धरायला तयार असतील त्यांना बाळाचं वजन घेणं, बीपी मोजणं, लसीकरणाचं कार्ड वाचणं शिकवायला मी आणि माझ्या निवृत्त मैत्रिणी तयार आहोत. पैसे नकोत, गावाहून परतीच्या एसटीच्या वेळेआधी मोकळं करा म्हणजे झालं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. आर्णी, जि. यवतमाळ