मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘परवान्याचे पिस्तूल साफ करताना चुकून गोळी सुटली’ अशी बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते आणि चार ओळींत संपते. मॅगझिन (गोळ्यांची काढता येणारी पेटी) काढले होते का, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, गोळी उडण्यापूर्वी बसते ती जागा) कोणी तपासले होते का, नळीचे तोंड कुठे होते, शस्त्र आणि काडतुसे एकाच खणात होती का, यातले काहीच तिच्यात नसते. वाचकाला वाटते, शस्त्रच ते, कधीतरी उडणारच. वास्तविक सुस्थितीतले आधुनिक पिस्तूल चाप ओढल्याशिवाय उडत नाही. कुठली पायरी गाळली गेली हे छापून आले, तर निदान दुसऱ्या घरात ती गाळली जाणार नाही.

सगळ्यांत जीवघेणा गैरसमज मॅगझिनचा. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे मॅगझिन बाहेर काढले, तरी आधीच चेंबरमध्ये चढलेली गोळी तिथेच राहते आणि पुष्कळ पिस्तुले त्या अवस्थेतही उडतात. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मूळ रचनाच अशी की मॅगझिन नसताना चाप निकामी होतो. त्या सवयीचा माणूस दुसरे पिस्तूल हातात घेतो आणि फसतो. दुसरी चूक क्रमाची. आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर पहिली गोळी बाहेर पडलेली दिसते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी चेंबरमध्ये चढलेली असते, ती दिसत नाही. म्हणून नळीचे तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट चापाच्या कडीबाहेर ठेवून आधी मॅगझिन काढायचे. मग स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागे ओढायची, मागेच अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे आणि वर करंगळीचे टोक आत घालून चाचपायचे. करंगळीचा भाग अनेकांना अतिरेक वाटतो. पण गोळी बाहेर खेचणाऱ्या एक्सट्रॅक्टरचा आकडा झिजला किंवा तुटला असेल, तर स्लाइड हलते आणि गोळी जागची हलत नाही. अपुऱ्या उजेडात ते बोटालाच कळते. ग्लॉकसारखे पिस्तूल सफाईसाठी खोलताना चाप ओढावाच लागतो. साफ करताना होणाऱ्या अपघातांचे एक मोठे मूळ इथे आहे. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवल्यावरच सफाईला बसावे.

दुनळी बंदूक त्या मानाने सोपी, बिजागरीवर वाकवून उघडली की दोन्ही चेंबर समोर उघडी. मात्र तिचे सेफ्टीचे बटण पुष्कळदा फक्त चाप अडवते, आतला घोडा अडवत नाही. भरलेली बंदूक आपटली तर बटण लावलेले असूनही बार होऊ शकतो. आणखी एक धोका काडतुसांच्या सरमिसळीचा. बोरचा आकडा मोठा तशी नळी आणि काडतूस बारीक, म्हणून बारा बोरच्या बंदुकीत वीस बोरचे काडतूस गेले, तर ते चेंबर ओलांडून पुढे नळीत अडकते. चेंबर रिकामे दिसते म्हणून माणूस मागून बाराचे भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते, तीही पुढचा हात जिथे असतो त्याच्या आसपास. वीस बोरची काडतुसे पिवळी बनवण्याचा प्रघात याचसाठी पडला. खिशात आणि पट्ट्यात एकाच बोरची काडतुसे असावीत. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरा पेट घेऊ शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर तिथेच थांबून, शस्त्र रिकामे करून नळी आरपार पाहावी. गोळी मध्येच अडकलेली असू शकते.

हे सगळे हाताळणीचे झाले. घरातला खरा प्रश्न ठेवण्याचा आहे, आणि दृष्टिकोन बदलायला हवा तो इथे. उशीखाली, गादीखाली किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर भरलेले शस्त्र म्हणजे सज्जता, ही समजूत अजून गेलेली नाही. घरातल्या मुलांना या जागा ठाऊक असतात. लहान मूल मोठ्यांसारखे एका बोटाने चाप ओढत नाही. ते पिस्तूल उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते, म्हणजे नळीचे तोंड त्याच्याच छातीकडे येते. शस्त्र रिकामे, भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या पोलादी कपाटात. काडतुसे वेगळ्या कुलपात. किल्ली फक्त परवानाधारकाकडे. चापाला लावायचे कुलूप भरलेल्या शस्त्राला कधीही लावू नये, ते लावतानाच चाप दबू शकतो. त्यापेक्षा चेंबरमधून ओवायचे तारेचे कुलूप बरे, कारण ते लागले म्हणजे शस्त्र भरलेले नाही हे दिसते. ‘प्रसंगी हाताशी हवे’ असे म्हणणाऱ्यांसाठी आकड्यांच्या कळांनी उघडणाऱ्या लहान पोलादी पेट्या मिळतात आणि त्या काही सेकंदांत उघडतात. शस्त्र चामडी म्यानात घालून कपाटात टाकू नये, चामडे ओल धरते आणि नळी गंजते.

कुलपाचे महत्त्व चोर आणि मुलांपुरते नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढा वेळ शस्त्र हाती न लागणे जीव वाचवते. इस्रायलच्या लष्कराने २००६ साली सैनिकांना आठवड्याच्या सुटीत घरी जाताना शस्त्र छावणीतच ठेवायला लावले, तेव्हा तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घरात कोणी खचलेले असेल, दारूच्या आहारी गेलेले असेल, तर शस्त्र काही काळ कायदेशीर मार्गाने घराबाहेर जमा करावे. यात कोणाचा अपमान नाही.

देशोदेशी विचार याच दिशेने सरकला आहे. स्वित्झर्लंडमध्ये लष्करी सेवेतले नागरिक रायफल घरी ठेवतात आणि २०११च्या सार्वमतात तिथल्या मतदारांनी ती शस्त्रागारात हलवण्याचा प्रस्ताव फेटाळलाही. पण घरी दिलेली सीलबंद काडतुसे परत घेण्याचा निर्णय त्याच देशाने २००७ साली केला होता. १९९६ साली पोर्ट आर्थर येथे झालेल्या गोळीबाराच्या हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियाने साडेसहा लाखांच्या आसपास शस्त्रे मोबदला देऊन जमा केली, हे बहुतेकांना माहीत असते. त्याच वेळी तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी केलेल्या करारात स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण म्हणून नाकारले गेले आणि काडतुसे शस्त्रापासून वेगळी ठेवण्याची अट आली, याची चर्चा कमी होते. भारताने शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातला निष्काळजी गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरवला, तो योग्यच. रायफलची गोळी सरळ वर गेली तरी खाली येताना सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने येऊ शकते, आणि माणसाची त्वचा भेदायला साधारण ६० मीटर पुरतात. तिरपी सुटली तर वेग याहून पुष्कळ जास्त.

शेवटचा मुद्दा वारसांचा, कारण त्यांना कोणीच काही सांगितलेले नसते. माळ्यावरची जुनी ठासणीची (तोंडातून दारू आणि गोळी ठासायची) बंदूक भरलेली असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. तिच्या तोंडासमोर न येता, एका बाजूला उभे राहून, घोडा आणि चाप यांना हात न लावता लाकडी गज नळीत हलकेच सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. गजाचे टोक नळीच्या मागच्या टोकाजवळच्या बत्तीच्या (दारू पेटवण्याच्या) भोकापर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे असे समजावे. ते ठोकून, खरवडून काढू नये. पोलिसांना कळवावे आणि परवानाधारक कारागिराकडूनच ती रिकामी करून घ्यावी.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक