सोहमच्या ताटाबद्दल, आई-बाबांना

चिंचवड,
२० जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू वहिनीबद्दल जे बोललीस ते डोक्यातून जाईना. फोनवर तुला मध्येच थांबवता येत नाही, आणि बाबा पलीकडून बोलायला लागले की विषयच बदलतो. म्हणून लिहायला बसले.

दिवाळीनंतर तुम्ही दोघं महिनाभर दादाकडे भोसरीत राहिलात. तिथे पाहिलंत ते सगळं खरं आहे. दादाचा सोहम सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत जातो, दुपारी स्वतःच नूडल्स करून खातो, संध्याकाळी गाडीवरचं काहीतरी खाऊन येतो आणि रात्री ताटातली भाजी चिवडत बसतो. भाकरी दिसली की तोंड फिरवतो. त्याचं खाणं बिघडलंय याबद्दल माझं तुमच्याशी काही भांडण नाही. पण ‘आईचंच लक्ष नाही’ असं म्हणून तू सगळं वहिनीच्या पदरात टाकलंस, आणि बाबा म्हणाले की हातखर्च बंद करा, भूक लागली की येईल वळणावर. हे दोन्ही मला पटलं नाही. रोज नववी-दहावीच्या मुलांमध्ये माझा दिवस जातो. ही मुलं काय खातात, कुठे खातात, का खातात हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

आधी त्या घराचं घड्याळ बघा. दादाची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीला तो साडेपाचला घर सोडतो, रात्रपाळी असली की दिवसभर आतल्या खोलीत झोपलेला असतो आणि घरात भांडं वाजलेलं चालत नाही. वहिनी पॅकिंगच्या कामाला साडेआठला जाते ती सहाला परतते, तेही कंत्राटावर, म्हणजे एक खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. पहाटे उठून ती तिघांचे डबे करते. डब्यात पोळीच असते, कारण पोळी दुपारपर्यंत मऊ राहते आणि पटकन होते. भाकरी गरम तव्यावरून ताटात पडली तर तिची मजा, आणि ती थापायला कोणीतरी जेवणाच्या वेळेला घरात हवं. सोहमची शाळा पावणेएकला सुटते. सव्वा वाजता तो कुलूप उघडतो. तेव्हापासून सहापर्यंत घरात तो, फ्रीज, आणि मोबाईल.

आम्ही शाळेतून आलो की तू असायचीस, तू रानात असलीस तर आजी असायची. टोपल्यात भाकरी, मडक्यात ताक, आणि ‘हात धुतलेस का’ विचारणारं माणूस. आम्ही काही शहाणी मुलं नव्हतो. समोर आलं ते खात होतो, आणि समोर कोणीतरी आणून ठेवत होतं.

सकाळी त्याला खायला नको वाटतं, त्यालाही तू आळस म्हणालीस. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. पोरांना रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे सहाला उठवलं तर भूक जागी झालेली नसते. माझ्या वर्गात पहिल्या तासाला अर्ध्या मुलांच्या पोटात फक्त चहा असतो. श्रीमंताघरचंही तेच, गरिबाघरचंही तेच. पुढे मात्र वाटा फुटतात.

माझ्या शाळेत बहुतेक मुलं कंत्राटी कामगारांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, रिक्षावाल्यांची. थोडी दुकानदारांची. मधल्या सुट्टीत डबे उघडले की घर कळतं. एक मुलगा पोळीत पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट रिकामं करतो, तिची गुंडाळी करतो आणि खातो. ती त्याची भाजी. त्याची आई पहाटे पाचला चार घरची कामं करायला निघते, तेवढ्या वेळात पोळ्या होतात, भाजी होत नाही. ती त्याच्या हातावर दहा रुपये ठेवते. बाबा, त्या दहा रुपयांत काय येतं ते बघा. वडापाव येत नाही. दोन केळी येतील, पण केळीवाला शाळेपासून लांब, आणि पाकिटांची माळ लावलेलं दुकान फाटकाशेजारीच. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षेचा नियम २०२० मध्येच झाला. आमच्या फाटकाशी कोणी टेप घेऊन आलेलं मी तरी पाहिलं नाही. त्या माउलीला दोष देऊन काय होणार?

आणि आता जे सांगते ते तुम्हाला माहीत नसेल. शाळेत शिजवलेलं जेवण मिळतं ना, ज्याला सगळे खिचडी म्हणतात, ते पहिली ते आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज दीडशे ग्रॅम धान्य, वर डाळ-भाजी. जूनमध्ये तोच मुलगा नववीत बसतो आणि ताट बंद. अंग वाढण्याचं ऐन वय, मुलग्यांना तर दर दोन तासांनी भूक लागते, आणि नेमकं तेव्हाच सरकारी ताट संपतं. आमच्याकडे पाचवी ते दहावी एकाच इमारतीत आहे. खालच्या मजल्यावर फोडणीचा वास सुटतो आणि वरच्या मजल्यावरची मुलं कठड्याला टेकून उभी राहतात. उरलं तर त्यांना वाढतात. रोज उरत नाही.

मुलींचं आणखी वेगळं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या मुलग्यांत ३१ टक्के. आई, हे ५९ आणि ३१ नुसत्या गरिबीतून येत नाही, एकाच घरात दोन ताटं वेगळी वाढली जातात त्यातूनही येतं. पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागतं, आणि तिच्याच वाट्याला मटणातला रस्सा येतो, फोडी भावाला. आपल्याकडेही बायका मागून जेवायच्या, भाजी-कोरड्यास संपलेलं असलं तर चटणीवर भागवायच्या. शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. उपाशी पोटी घेतली की मळमळतं, म्हणून कितीतरी जणी ती हळूच ओढणीत लपवतात. जी घेते ती वर चहा पिते, आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळी घेण्याआधी पोटात काही असावं आणि नंतर तासभर चहा नको, एवढं मी वर्गात सांगत असते. लिंबू पिळलेली उसळ खाल्ली तर उत्तमच. पण उसळ आदल्या रात्री भिजत घालायला कोणाच्या तरी डोक्यात जागा लागते.

पैसेवाल्यांची पोरं नीट खातात असं समजू नका. माझ्या शेजारच्या मोठ्या सोसायटीतली मुलं मी लिफ्टमध्ये बघते. सहाला क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास, रात्री साडेनऊला घरी. स्वयंपाकाला बाई आहे, फळांनी फ्रीज भरलेला आहे, आणि पोरगं फोनवरून पिझ्झा मागवतं कारण घरी एकत्र जेवायला कोणी नाही. काही मुली फोनवरचे फोटो बघून जेवण सोडतात, पोळी म्हणजे पाप असल्यासारखं बोलतात. मुलगे व्यायामशाळेतून पावडरीचे डबे आणतात. पोटं तिथेही बिघडलेलीच. फरक एवढाच की तिथे चूक झाली तर सावरायला डॉक्टर आहे, आहारतज्ज्ञ आहे, पैसा आहे. माझ्या वर्गातल्या मुलीला चक्कर आली तर तिची आई अर्ध्या दिवसाचा पगार सोडून येते.

बाबा, तुम्ही म्हणता, ‘आम्ही काय खाल्लं ते बघा, तरी शेतात राबलो.’ तुम्ही सोहमएवढे होतात तेव्हा बहात्तरचा दुष्काळ होता. ज्वारीचं कोठार म्हणून नाव असलेल्या आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तेव्हा कडबासुद्धा उगवला नाही, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. तुम्ही खडी फोडायला जायचात, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, तिकडची ज्वारी. त्याची भाकरी थापता थापत नव्हती आणि घशाखाली उतरत नव्हती, तरी खाल्लीत. ती तुम्ही निवडली नव्हती. सरकारने गोदामात जे आणलं आणि कामाच्या ठिकाणी जे वाटलं, ते तुमचं जेवण झालं. पंधराव्या वर्षी कोणाचंच ताट त्याच्या स्वतःच्या हातात नसतं. सोहमचं ताट दादाच्या पाळीच्या वेळा ठरवतात, कोपऱ्यावरचं दुकान ठरवतं. रेशनवर गहू आणि तांदूळ येतो म्हणून शहरातल्या कितीतरी घरांत पोळी-भातच उरला. मालदांडी ज्वारी तर इथे गव्हापेक्षा महाग मिळते. जी भाकरी गरिबाची म्हणायचे, ती आता हॉटेलात पाटी लावून विकतात.

म्हणून हातखर्च बंद करू नका. पैसे बंद झाले तर तो मित्राच्या खाऊच्या पाकिटात हात घालेल, एवढंच होईल. त्याच्या त्या सव्वा ते सहाच्या वेळेचं काहीतरी करूया. मागच्या रविवारी तो माझ्याकडे आला होता. आई, तू दिलेल्या कडक भाकऱ्या शिल्लक होत्या. मी त्या मोडून वर शेंगाची चटणी आणि दही घातलं, कांदा चिरला आणि ताटली नुसती टेबलावर ठेवून दिली, खा म्हणाले नाही. अभ्यास करता करता त्याने ती संपवली आणि स्वतः उठून आणखी दोन मोडल्या. भाकरीला नाक मुरडणारं हेच पोरगं. त्याला हाताशी, न शिजवता खाण्याजोगं हवंय. कडक भाकरी महिनाभर टिकते, धपाटी दोन दिवस टिकतात, दाण्याचे लाडू टिकतात. फुटाणे-गूळ डब्यात भरून ठेवता येतात. रविवारी दादाने, हो, दादाने, मटकी भिजत घातली तर बुधवारपर्यंत मोड आलेली उसळ फ्रीजमध्ये राहते. मी त्याच्याशी बोलले आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी तो जागा झाला की बापलेकांनी एकत्र जेवायचं, असंही ठरलंय.

उन्हाळ्यात सोहम गावी येईल तेव्हा त्याला भाकरी थापायला शिकव. मुलगा आहे म्हणून चुलीपासून लांब ठेवू नकोस. पहिल्या दिवशी नकाशे होतील, होऊ देत.

बाबा, तुमच्यासाठी वेगळं काम आहे. आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये वाड्यावस्त्यांवरच्या मुली एसटीच्या वेळेमुळे सकाळी नऊलाच घर सोडतात आणि सहाला घरी पोचतात. नववी-दहावीच्या मुलींना मधे काहीच नाही. सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात खालच्या वर्गांना आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद केले आणि द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. म्हणजे आता गावावर आलंय. तुम्ही सप्त्याला दरवर्षी पोतं देता. यंदा एक पोतं शेंगदाणे हायस्कूलला द्या आणि मुख्याध्यापकांशी बोला. पन्नास मुलामुलींना रोज मूठमूठ दाणे दिले तर दीड किलो लागतात, पन्नास किलोचं पोतं सव्वा महिना जाईल. मूठभर दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्यापेक्षा कमी नाहीत, आणि अंड्यावरून गावात होतो तसला वाद दाण्यांवरून होणार नाही. तुम्ही सुरुवात केलीत तर गावच्या सोसायटीचे चेअरमन मागे राहणार नाहीत, तुम्हीच मला हे सांगत असता.

ज्वारीची काढणी झाली की दादाकडे पाठवाल, तेव्हा दळून पाठवू नका. पीठ जुनं झालं की कडवट लागतं आणि भाकरीला चिरा पडतात. धान्यच पाठवा, इथे पंधरा दिवसांचं दळून घेता येतं. शेंगाची चटणी मात्र तुझ्या उखळातलीच पाठव. अर्धी कमी तिखट कर, सोहमला सोसत नाही.

आणि आई, वहिनीला या आठवड्यात फोन कर. दुपारी एक ते दीड तिची जेवणाची सुट्टी असते, तेव्हा ती उचलते. ती जेवली का ते आधी विचार.

तुमची,
उज्ज्वला