आधी रिकव्हरी, मग स्लीप

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पॉवरच्या बटणात नुसतं ‘शट डाउन’ आणि ‘रिस्टार्ट’ उरलंय, स्लीप गायब. सिस्टिम रिस्टोर उघडलं तर एकही रिस्टोर पॉइंट, म्हणजे मागे जायला ठेवलेली खूण, नाही. आणि शेवटी तुझा प्रश्न, ‘सरळ फॉरमॅट मारू का?’

अजिबात नको. फॉरमॅट मारून तू फिरून याच जागी येशील, कारण तुझ्या पत्रातली खरी बातमी तू जाता जाता एका ओळीत उरकली आहेस: नवी एसएसडी, म्हणजे नवी डिस्क, बसवली आणि तिच्यावर विंडोज ११ कोरं टाकलं. दोन्ही दुखणी तिथूनच आलीत असा माझा दाट संशय आहे. म्हणजे काहीही बिघडलेलं नाही, काही गोष्टी अजून बसवायच्याच राहिल्यात.

तुला घाई स्लीपची आहे, पण मी आधी रिकव्हरी, म्हणजे बिघडलं तर मागे यायची सोय, करून घेईन. स्लीपसाठी ड्रायव्हरला, म्हणजे एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला, हात लावावा लागणार, आणि ड्रायव्हर चुकीचा बसला तर परतीची वाट हवी. आत्ता तुझ्याकडे ती नाही.

रिस्टोर पॉइंटची यादी रिकामी आहे याचं कारण साधं आहे. सिस्टिम रिस्टोर २००० सालच्या विंडोज एमईपासून आहे खरं, पण हल्ली कोऱ्या विंडोजमध्ये ते बरेचदा बंदच असतं. पॉइंट हरवले नाहीत, कुणी ठेवलेच नव्हते. सर्चमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ टाइप कर, सी ड्राइव्ह निवड, कॉन्फिगरमध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू कर, थोडी जागा नेमून दे आणि लगेच एक पॉइंट बनव. मात्र त्याच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. सिस्टिमच्या फाइल्स, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची वही), ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम एवढंच तो मागे नेतो. तुझ्या फोटोंना धक्का लावत नाही, पण त्यांना वाचवतही नाही. शिवाय तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

दुसरी गोष्ट विंडोज आरई, म्हणजे विंडोज सुरूच होईना तेव्हा निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’ वगैरे दाखवणारा तो छोटा भाग. तो वेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, राहतो. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघड आणि ‘रीएजंटसी’ लिही: इंग्रजी रीएजंट आणि त्याला चिकटून सी. मग जागा सोडून तिरकी रेघ आणि इन्फो. उत्तरात ‘एनेबल्ड’ आलं तर काम झालं. ‘डिसेबल्ड’ आलं तर इन्फोच्या जागी एनेबल लिहून बघ, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. या पार्टिशनची जागा फुकट जाते म्हणून ते उडवून टाकणारे लोक मला भेटलेत. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. उलट ते आखूड पडलं तरी पंचाईत होते: जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी ५०३४४४१ हे अपडेट असंख्य संगणकांवर याच कारणानं बसेना, आणि मायक्रोसॉफ्टनं ते पार्टिशन २५० एमबीनं वाढवायची कृती दिली होती.

संगणक सुरू होताना एक की दाबून जी कंपनीची रिकव्हरी यायची, ती जुन्या डिस्कवर होती. नवीवर ती दिसणार नाहीच. जुनी डिस्क पुसू नकोस, कपाटात ठेव. आणि किमान ८ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं त्यावर विंडोज उतरवून ठेव. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं बघ. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव. आयत्या वेळी तीच मागतात आणि ती नेमकी त्याच संगणकात अडकलेली असते.

आता स्लीप. स्लीपमध्ये रॅमला जेमतेम वीज मिळत राहते आणि बाकीचं यंत्र झोपतं. उठताना पडदा होता तसा उभा करणं हे ग्राफिक्स ड्रायव्हरचं काम. कोऱ्या विंडोजला तुझ्या ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर सापडला नाही की ते आपला कामचलाऊ ड्रायव्हर लावतं, त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. चित्र दिसतं, पण स्लीप त्याला झेपत नाही, म्हणून विंडोज तो पर्यायच लपवतं. अक्षरं पसरट दिसतात आणि रेझोल्यूशन बदलता येत नाही, असं तू वैतागून लिहिलंयस ना, ते याच रोगाचं लक्षण आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडून नाव वाच, म्हणजे कळेल.

आणखी खात्री हवी तर त्याच काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ लिही: इंग्रजी पॉवर आणि त्याला चिकटून सी, एफ, जी. मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ए. मशीन कुठल्या झोपा घेऊ शकतं आणि कुठल्या नाही, हे कारणासकट सांगतं. मला ही कमांड फार आवडते. लोक आधी रजिस्ट्रीत हात घालतात आणि जे यंत्राला विचारता आलं असतं ते शेवटी विचारतात. एस ३ म्हणजे वर सांगितलेली नेहमीची झोप. तिच्या खाली ग्राफिक्सचा उल्लेख आला तर दोष ड्रायव्हरचा. फर्मवेअर (मदरबोर्डमधलाच प्रोग्रॅम) साथ देत नाही असं आलं तर बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन सस्पेंडची किंवा एस ३ ची सेटिंग शोधावी लागेल. आणि ‘एस ० लो पॉवर आयडल’ उपलब्ध दिसलं तर एस ३ नसण्यात काही वावगं नाही, ती नवी पद्धत आहे.

ड्रायव्हर कार्डाच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घे. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांना घरात घेऊ नकोस. बसवून रिस्टार्ट केल्यावर स्लीप बहुधा आपोआप दिसेल. नाहीच दिसलं तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरची बटणं काय करतील ते ठरवायच्या पानावर, वरची निळी ओळ दाबून खालच्या स्लीपवर टिक कर.

पॉवरसीएफजीचं उत्तर आलं की ड्रायव्हर उतरवण्याआधी त्याचा फोटो काढून मला पाठव. सोबत मदरबोर्डचं मॉडेल, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे की प्रोसेसरमधलंच वापरतोस तेही कळव.

तुझाच,
मित्र