वंशसंहाराची बातमी उशिरा येते

संपादक महोदय,

परदेशातल्या एखाद्या वांशिक हत्याकांडाची बातमी आपल्या वृत्तपत्रांत बहुधा मृतांच्या आकड्याने सुरू होते, आणि कारण म्हणून ‘दोन जमातींमधले जुने वैर उफाळून आले’ एवढे सांगून भागवले जाते. या स्पष्टीकरणाला माझा ठाम आक्षेप आहे. वैर आपोआप उफाळत नाही. ते वर्षानुवर्षे पोसावे लागते. त्यासाठी कायदे, कचेऱ्या, पैसा आणि माणसे लागतात, आणि हे सारे बहुतेक वेळा उघड्यावर चाललेले असते.

वंशसंहाराचे अभ्यासक ग्रेगरी स्टँटन यांनी १९९६ मध्ये या प्रक्रियेचे आठ टप्पे मांडले, पुढे ते दहा केले. सुरुवात ‘आपण’ आणि ‘ते’ या विभागणीने होते. प्रत्यक्ष संहाराचा क्रमांक नववा, आणि दहावा टप्पा म्हणजे ‘असे काही घडलेच नाही’ हा नकार. हे टप्पे एकामागून एक येतातच असे नाही, अनेक एकाच वेळी चालू असतात, हेही ते सांगतात. म्हणजे आपण मृतदेह मोजायला लागतो तेव्हा बहुतेक सगळे घडून गेलेले असते.

आफ्रिकेतल्या रवांडाचेच पाहा. १९३०च्या दशकात बेल्जियमच्या वसाहती प्रशासनाने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर बहुसंख्य हुतू, अल्पसंख्य तुत्सी किंवा त्वा अशी जमातीची नोंद केली. स्वातंत्र्य आले तरी ती नोंद गेली नाही. १९९० मध्ये ‘कांगुरा’ या नियतकालिकाने तुत्सींशी लग्न, भागीदारी, व्यवहार करणारा हुतू हा गद्दार, असे फर्मान छापले. १९९३ मध्ये एक रेडिओ केंद्र सुरू झाले. गाणी आणि गप्पांच्या जोडीने ते तुत्सींना झुरळे म्हणू लागले. तरुणांच्या टोळ्यांना प्रशिक्षण मिळत होते, शस्त्रे साठवली जात होती. ११ जानेवारी १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी न्यूयॉर्कला कळवले, की एका खबऱ्याच्या सांगण्यानुसार राजधानी किगालीतल्या तुत्सींच्या याद्या केल्या जात आहेत आणि वीस मिनिटांत हजार माणसे मारता येतील अशी तयारी आहे. शस्त्रसाठ्यांवर छापे घालण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र मागितले जाऊ लागले. सुमारे शंभर दिवसांत किमान पाच लाख, आणि अनेक अंदाजांनुसार आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. ही कत्तल चालू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० जणांवर आणण्याचा निर्णय घेतला. हे वाचताना आजही संताप होतो.

पण याच देशातल्या बुतारे प्रांतात पहिले जवळजवळ दोन आठवडे मोठी कत्तल झाली नाही. तिथले प्रांतप्रमुख जाँ-बाप्टिस्ट हब्यालिमाना यांनी ती होऊ दिली नाही. ते देशातले एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख. त्यांना पदावरून काढल्यावर, हंगामी राष्ट्राध्यक्षांनी तिथे येऊन चिथावणीचे भाषण केले आणि मग बुतारेही पेटले. पुढे हब्यालिमानांचीही हत्या झाली. जुने वैर हेच कारण असते, तर ते या प्रांतात दोन आठवडे थांबले कसे? एका अधिकाऱ्याने नकार दिला तेव्हा थांबले, तो हटवला तेव्हा सुरू झाले.

हा विषय आपल्या व्यवसायाशीही थेट जोडलेला आहे. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहाराची थेट आणि जाहीर चिथावणी हा स्वतंत्र गुन्हा आहे. रवांडातल्या त्या रेडिओ केंद्राचे एक संस्थापक आणि ‘कांगुरा’चे संपादक यांना २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवले. अपिलात शिक्षा कमी झाल्या, पण दोघांवरचा चिथावणीचा दोष कायम राहिला.

म्यानमारमध्ये १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने बहुसंख्य रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले ते २०१७ मध्ये. मधली पस्तीस वर्षे प्रवासावर, लग्नावर, शिक्षणावर बंधने येत गेली. रोहिंग्यांबद्दल आपण सविस्तर वाचले ते बहुतांशी निर्वासितांचे लोंढे सीमेवर आल्यानंतर.

म्हणून माझी विनंती आहे. जगात कुठेही एखाद्या समूहाचे नागरिकत्व काढून घेणारा कायदा येतो, ओळखपत्रावर वंशाची नोंद सुरू होते, नेता माणसांना कीटक म्हणतो, तेव्हा त्याची बातमी ठळक छापावी. निर्णय कोणी घेतला, आदेशावर सही कोणाची होती, विरोध कोणी केला, हे नावानिशी द्यावे. आणि हत्याकांडाची बातमी देण्याची वेळ आलीच, तर त्याआधीच्या वर्षांचा घटनाक्रम तिच्यासोबत, त्याच पानावर छापावा.

आपला,
एक वाचक