निकाल पुढच्या जूनमध्ये पाहू

मिरज,
दि. २ सप्टेंबर

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "आई, लावलेले केस तर सगळे गळून गेले, म्हणजे ऑपरेशन फुकट गेले का?" तेव्हा मी "नाही" एवढेच म्हणाले, कारण तू ऑफिसमध्ये होतास आणि या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरणारे नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गेली. जखम कशी भरते, कधी भरत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. डोक्याच्या मागचे केस काढून विरळ जागी लावण्याच्या तुझ्या जूनमधल्या शस्त्रक्रियेतले (हेअर ट्रान्सप्लांट) जे मला नवीन होते, ते मी आमच्या जुन्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमना भेटून समजून घेतले. ते सगळे सविस्तर लिहिते आहे, म्हणजे आरशासमोर मन घाबरले की तुला पुन्हा वाचता येईल.

डोक्याच्या मागच्या भागातून काढलेला ग्राफ्ट म्हणजे नुसता केस नव्हे. एक ते चार केसांची मुळे, त्यांच्या तेलग्रंथी आणि भोवतालची थोडी त्वचा असा तो अगदी बारीक तुकडा असतो. तो जागेवरून निघताच त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी बसवल्यावर पहिले काही दिवस तो आजूबाजूला झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतो, मग बारीक रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जातात आणि साधारण नऊ-दहा दिवसांत तो इतका घट्ट बसतो की केस ओढला तरी मूळ बाहेर येत नाही. सलाईनचा फवारा, डोके उंच ठेवून झोपणे, खपल्यांना नख न लावणे, हे सारे त्या दिवसांसाठी होते आणि ते तू नेटाने पाळलेस. त्यानंतर जे गळले ती केसाची दांडी होती, मूळ नव्हते. जागा बदलण्याच्या धक्क्याने मूळ विश्रांतीत जाते आणि दांडी सोडून देते. बहुतेकांच्या बाबतीत हे दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात घडते, आणि तुझेही नेमके तसेच झाले. तासगावला मामाच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग कशी बोडकी दिसते, हे तू लहानपणापासून पाहत आला आहेस. त्या दिवसांत तिथे घड शोधायला कोणी जात नाही, कारण घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर यायचे असतात.

दुसरी एक गोष्ट आहे, जी क्लिनिकमध्ये घाईघाईने सांगितली जाते आणि रुग्णाच्या लक्षात राहत नाही. लावलेल्या केसांच्या मधले तुझे स्वतःचे जे जुने केस होते, त्यांतलेही काही या धक्क्याने गळतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस माणूस शस्त्रक्रियेपूर्वी होता त्याहूनही विरळ दिसू शकतो, आणि तू आज नेमका त्या टप्प्यावर आहेस. यांतले निरोगी केस काही महिन्यांत परत येतात. जे आधीच झिजून लवेसारखे बारीक झाले होते, त्यांतले काही मात्र परत येणार नाहीत, आणि ते शस्त्रक्रिया झाली नसती तरी थोड्या काळात गेलेच असते. हे तुझ्यापासून लपवून तुला धीर देणे मला योग्य वाटत नाही.

आता पुढचा हिशेब सांगते, कारण तू आकड्यांवर विश्वास ठेवणारा आहेस. विश्रांतीत गेलेली मुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून जागी होऊ लागतात, पण सगळी एकाच दिवशी जागी होत नाहीत. काही चौथ्या महिन्यात, काही सहाव्या, तर काही आठव्या महिन्यात. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे जे मूळ डिसेंबरच्या सुरुवातीला जागे होईल, त्याचा केस फेब्रुवारीत जेमतेम २ सेंटीमीटरचा असेल, आणि शेजारच्या लांब केसांत तो दिसणारही नाही. शिवाय पहिला केस बारीक, कधी राठ आणि वाकडातिकडा येतो. त्याला जाडी आणि मऊपणा यायला वर्ष, कधी दीड वर्ष लागते. कपाळाकडचा भाग लवकर भरतो आणि भोवऱ्याकडचा सगळ्यात उशिरा. म्हणून पुढच्या भागाचा निकाल येत्या जूनमध्ये, वर्ष भरल्यावर, आणि भोवऱ्याचा त्यानंतर आणखी तीन ते सहा महिन्यांनी पाहायचा. त्याआधी "झाले" असेही म्हणायचे नाही आणि "फसले" असेही म्हणायचे नाही. या काळात दुसऱ्या शस्त्रक्रियेची सूचना कोणी केली, तर ती ऐकून घे आणि परत ये.

केस उगवू लागतील तेव्हा लावलेल्या भागात मधूनमधून लहान पुटकुळ्या येतील. नवा केस त्वचेतून बाहेर यायची वाट शोधत असतो म्हणून त्या येतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने शेक दे, पण त्या फोडू नकोस. टाळूला बधिरपणा आणि मागच्या बाजूला खाज आणखी काही महिने राहू शकते, त्याची चिंता नको. दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, पू आला, लाली पसरत गेली किंवा ताप आला, तर मात्र मला फोन करण्यात वेळ न घालवता थेट डॉक्टरांकडे जा. काकूंनी सुचवलेला कांद्याचा रस आणि कसलेही औषधी तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नकोस. काकूंना वाईट वाटेल, त्यांची समजूत मी घालीन. आणि हेल्मेटबद्दल तुझ्या मनात जी भीती आहे ती काढून टाक. इतक्या आठवड्यांनंतर हेल्मेटने ग्राफ्ट निघत नाहीत आणि तुझ्या डॉक्टरांनीही परवानगी दिलेली आहे. पुण्याच्या रस्त्यावर तू केसांच्या काळजीने उघड्या डोक्याने गाडी चालवतोस, ही कल्पनासुद्धा मला सहन होत नाही.

निकाल पाहायचा कसा, हेही ठरवून घेऊ. सध्या तू आंघोळ झाल्यावर, ओल्या केसांनी, बाथरूममधल्या दिव्याखाली फोटो काढतोस. ओले केस एकमेकांना चिकटतात, वरून पडणारा प्रकाश थेट टाळूवर पोहोचतो, आणि भरगच्च केसांचा माणूसही तिथे विरळ दिसतो. त्याऐवजी महिन्यातून एकदाच, दिवसाच्या उजेडात त्याच खिडकीजवळ, कोरड्या केसांनी, तितक्याच अंतरावरून समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून फोटो काढ. केसांची लांबीही जमेल तितकी सारखी ठेव. तुलना करायची ती शस्त्रक्रियेपूर्वी क्लिनिकने काढलेल्या फोटोंशी. कॉलेजातल्या तुझ्या फोटोशी नाही, आणि मोबाइलवर दिसणाऱ्या अनोळखी माणसांच्या डोक्यांशी तर मुळीच नाही. त्यांतला कोण किती ग्राफ्टचा, कोणाचे केस किती जाड, फोटो कोणत्या प्रकाशात काढलेला, यांतले आपल्याला काहीच ठाऊक नसते.

निकाल चांगला आला तरी तो किती दाट असेल, याची कल्पना आताच करून ठेव. डोक्याच्या मागे निसर्गतः एका चौरस सेंटीमीटरमध्ये केसांचे साधारण ६५ ते ८५ झुबके असतात, आणि एका झुबक्याचा एक ग्राफ्ट होतो. नव्या जागी साधारण ३५ ते ४५ लावले तर ते चांगले काम मानतात, कारण फार गर्दी केली तर रक्तपुरवठा पुरत नाही. तुझे २,४०० ग्राफ्ट ४० च्या हिशेबाने लावले असे धरले, तर ६० चौरस सेंटीमीटर जागा भरते, म्हणजे तुझ्या तळहाताहूनही कमी. तुझ्या फाइलवर टक्कल किती पुढे गेले हे सांगणाऱ्या नॉरवूड मोजपट्टीची चौथी अवस्था लिहिली आहे, म्हणजे कपाळ आणि भोवरा दोन्हीकडचे केस गेलेले होते. म्हणून डॉक्टरांनी समोर भर दिला आणि भोवऱ्यावर मुद्दाम विरळ काम केले. मला हा निर्णय योग्य वाटतो. निम्मे केस गेल्याशिवाय विरळपणा सहसा डोळ्यांत भरत नाही, म्हणून निम्म्या दाटीनेही चेहरा भरलेला दिसतो. मात्र वाऱ्यात किंवा प्रखर दिव्याखाली टाळू थोडी दिसेल, आणि ती दिसली म्हणून शस्त्रक्रियेत खोट आहे असे मानू नकोस.

खोट शोधायची असेल तर ती दुसरीकडे शोधावी लागते. अगदी समोरच्या रांगेत एकेका केसाचे ग्राफ्ट आहेत की दोन-तीन केसांचे जाड झुबके, केस मूळच्या दिशेने आणि त्वचेला लगटून येतात की ताठ उभे राहतात, हेअरलाइन थोडी अनियमित आहे की पट्टीने आखल्यासारखी, आणि मागून ग्राफ्ट काढले तिथे कुठे एकाच जागी टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसतात का, या गोष्टी वर्षानंतर त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घेऊ. माझे मन आज शांत आहे, त्याला एक कारण आहे. त्वचेवर छेद कोण घेणार, हे तू आधीच विचारले होतेस आणि ते तुझ्या डॉक्टरांनी स्वतः घेतले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेबद्दल सूचना काढल्या आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ती करता येत नाही, असे त्यांत बजावले, ते उगीच नव्हे. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्या पाट्या लागल्या आहेत, त्यांच्या आत चाकू कोणाच्या हातात असतो, हे विचारणारे फार थोडे असतात.

आता औषधांचे. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून दाखवले, की मागचे केस पुढे लावले तरी ते आपला मूळ गुण सोडत नाहीत आणि टिकून राहतात. ही सगळी शस्त्रक्रिया त्याच आधारावर उभी आहे. पण तो गुण लावलेल्या केसांपुरताच आहे. मधल्या तुझ्या मूळच्या केसांना त्याचे संरक्षण नाही. ते आपल्या गतीने जातच राहतील, आणि तू अजून एकतीस वर्षांचा आहेस. ते गेले तर पाच-सात वर्षांनी समोर लावलेल्या केसांचा पट्टा आणि त्यामागे मोकळी जागा असे चित्र दिसेल, आणि मागच्या बाजूचा साठा तर मर्यादित आहे. एकदा काढलेला ग्राफ्ट तिथे पुन्हा उगवत नाही. म्हणून मला तुझ्या शस्त्रक्रियेपेक्षा तुझ्या औषधांची काळजी अधिक वाटते.

हे मूळचे केस टिकवण्यासाठी असलेली फिनास्टेराइडची गोळी तू मित्राने पाठवलेला एक व्हिडिओ पाहून बंद केलीस, असे तू ओझरते म्हणालास. ती गोळी घ्यायचीच असा आग्रह मी धरणार नाही. काही पुरुषांना तिच्यामुळे कामेच्छा कमी होणे, मन उदास होणे असे त्रास होतात, ही खरी गोष्ट आहे आणि ती मी नर्स म्हणून तुझ्याशी न संकोचता बोलते आहे. तुला असे काही जाणवले असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांग. ते मात्रा बदलतील किंवा दुसरा मार्ग सुचवतील. पण त्रास नसताना केवळ भीतीने गोळी सोडणे, किंवा सोडून डॉक्टरांना न सांगणे, हे बरोबर नाही. तिचा परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागते आणि बंद केली की राखलेले केस पुन्हा जाऊ लागतात. केसांसाठीच्याच मिनॉक्सिडिल या दुसऱ्या औषधाचेही तसेच आहे. पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट असलेला भाग टाळूत टोचायच्या, इंजेक्शनांचा जो संच तुला घ्यायला सांगितला आहे, तो पैसे भरण्याआधी थांबव. त्याचा काहींना उपयोग होतो, पण परिणाम सगळ्यांत सारखे दिसत नाहीत, आणि औषधे सोडून इंजेक्शने घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

गणपतीला येणार नाही म्हणतोस, त्याचे कारण मला कळले आहे. टोपी घालून ये. कोणी विचारले तर शस्त्रक्रिया झाली आहे आणि केस यायला वेळ आहे, एवढे सांगितले की पुरे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. कोल्हापूरच्या स्थळाकडून फोटो मागितला आहे, त्यांना आत्ताचाच फोटो पाठवावा आणि शस्त्रक्रियेचेही सांगावे, असे माझे आणि बाबांचे मत आहे. निर्णय तुझा.

डॉक्टरांकडची तुझी पुढची भेट २० तारखेला आहे. गोळी बंद केल्याचे आधी सांग. मग शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत माग. एक, दोन आणि तीन केसांचे ग्राफ्ट किती होते आणि ते कुठे लावले, हे त्यात लिहिलेले असते. जुने फोटोही त्याच वेळी घे. मागच्या भागात किती साठा उरला आहे, ते भिंगातून मोजून फाइलवर लिहायला सांग. ते सगळे मला पाठव, मी मॅडमना दाखवून ठेवते.

तुझी,
आई