गतिरोधक मोजून बांधावेत

महोदय,

मुलाची नवी स्पोर्ट्स कार नारळ फोडून, हार घालून आम्ही नरिमन पॉइंटहून दादरला घरी आणली. किनारी रस्त्याच्या बोगद्यात ताशी ६० किलोमीटरची मर्यादा पाळत ती अलगद सरकली. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तिरकी घेऊनही, गतिरोधकावर तिचे पोट करकरत घासले आणि बंपरखाली बोटभर ओरखडा उठला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. आमच्याकडचा जेमतेम हातभर रुंद असून त्यावर पांढरे पट्टेही नाहीत. गाडी महाग म्हणून ही तक्रार नाही. टॅक्सीतील गरोदर स्त्रीला आणि दुचाकीस्वारालाही तोच हिसका बसतो. शाळेजवळ गतिरोधक हवेतच, मात्र पालिकेने ते मोजून बांधावेत.

– एक वाचक, दादर, मुंबई